झाडाच्या पानाला आकार कसा येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसातली झाडे रोज न्याहाळणारे, कपाशीची पाने अचानक बदललेली पाहून धास्तावलेले शेतकरी आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले, सगळ्यांना पानांबद्दल पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावर उभी आहेत: झाडाकडे पानाचा तयार साचा नसतो. कोवळ्या पानाच्या कुठल्या भागात वाढ जास्त वेळ चालते आणि कुठे ती आधी थांबते, यावरून पानाची रुंदी, कातरे, दाते, पर्णिका (एकाच पानाचे सुटे, पानासारखे दिसणारे भाग) सगळे घडत जाते.

पानाचा आकार नक्की केव्हा ठरतो?

पान आपल्या नजरेला पडते त्याच्या बरेच आधी. जास्वंदीचा किंवा मिरचीचा एक शेंडा खुडून घ्या आणि कोवळी पाने सुईच्या टोकाने एकेक करून बाजूला करत जा. प्रत्येक पानाच्या कुशीत आणखी लहान पान सापडते, त्याच्या कुशीत त्याहून लहान. शेवटी भिंगातूनही जेमतेम दिसेल असा ओलसर, चकचकीत ठिपका उरतो. हा विभाजी ऊतीचा, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा घुमट. त्याची रुंदी साधारण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी असते आणि त्या फांदीवरचे प्रत्येक पान त्याच्याच कडेला एक बारीक फुगवटा म्हणून जन्म घेते.

पान नखाएवढे होईपर्यंत त्याला पर्णिका किती, मोठे कातरे कुठे आणि मुख्य शिरा कुठून जाणार हे बहुतेक ठरून गेलेले असते. पुढे राहते ते प्रामुख्याने मोठे होणे. म्हणून आज उलगडलेल्या पानात एखादे व्यंग दिसले, तर त्याचे कारण आजचे नसते. ते पान शेंड्यात घडत होते त्या दिवसांत काय झाले हे आठवावे लागते. माझ्या मते पानांच्या तक्रारींत सर्वाधिक गफलत इथेच होते: माणूस कालच्या पाण्याला किंवा परवाच्या खताला दोष देतो आणि खरे कारण त्याआधीचे असते.

नवे पान शेंड्यावर नेमके कुठे फुटणार, हे कोण ठरवते?

ऑक्झिन हे संप्रेरक. शेंड्याच्या वरच्या थरातल्या पेशी ऑक्झिन एकमेकींकडे ढकलत असतात. ते वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या एकाच बाजूला जमा झालेली असतात, त्यामुळे प्रवाहाला दिशा मिळते. घुमटाच्या कडेला जिथे ऑक्झिनचा साठा होतो तिथे पान फुटते. पान फुटू लागले की आजूबाजूचे ऑक्झिन ते ओढून घेते, म्हणून पुढचे पान त्याच्यापासून दूर, जिथे पुन्हा साठा होईल तिथेच येते.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात क्रिस कुहलेमायर यांच्या गटाने २००० साली याचा फार सुंदर पुरावा दिला. त्यांनी टोमॅटोच्या शेंड्यांतली ऑक्झिनची वाहतूक औषधाने बंद पाडली. शेंडा वाढत राहिला, पण पान एकही आले नाही. मग त्या उघड्या शेंड्याच्या कडेला ऑक्झिनचा एक सूक्ष्म ठिपका ठेवला, तर तिथे पान फुटले.

याच वेळी आणखी एक बदल होतो. शेंड्याच्या मधल्या पेशींत नॉक्स गटाची जनुके चालू असतात. ती पेशींना 'अजून काहीच बनू नका' अशा अवस्थेत ठेवतात. पान सुरू होते त्या जागी ही जनुके बंद पडतात. मक्याच्या एका वाणात यातले एक जनुक चुकून पानातही चालू राहते, आणि त्या पानांवर शिरांच्या कडेने गाठी उठतात. त्या गाठींवरूनच हे जनुक १९९१ मध्ये पहिल्यांदा हाती लागले.

पान सपाट का होते? फांदीसारखे गोल का वाढत नाही?

कारण पानाला जन्मापासूनच दोन बाजू असतात. शेंड्याकडे तोंड असलेली बाजू पुढे पानाची वरची बाजू होते आणि शेंड्याकडे पाठ असलेली खालची. दोन्हीकडे वेगवेगळी जनुके काम करतात आणि ती एकमेकांना दाबून ठेवतात. जिथे या दोन प्रदेशांची हद्द लागते तिथेच पाते आडवे पसरू लागते.

हे कळायला दोन प्रयोग कारणी लागले. इयन ससेक्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बटाट्याच्या शेंड्यावर, घुमट आणि नुकताच उठलेला पानाचा फुगवटा यांच्यामध्ये बारीक छेद दिला. शेंड्याशी संबंध तुटलेले ते पान सपाट झालेच नाही, गोल काडीसारखे वाढले. म्हणजे वरची बाजू होण्यासाठी शेंड्याचा सहवास लागतो. पुढे १९९५ मध्ये रिचर्ड वेट्स आणि अँड्र्यू हडसन यांनी श्वानमुख या बागेतल्या फुलझाडाचा एक बिघडलेला वाण तपासला. त्याच्या काही पानांत वरची बाजू नीट तयारच होत नव्हती आणि ती पानेही सुईसारखी गोल होती. काही पानांवर मात्र खालच्या बाजूच्या पेशींचे ठिगळ वरच्या बाजूवर आले होते आणि त्या ठिगळाच्या काठाने नवी पट्टी उठली होती. दोन बाजूंची हद्द असेल तिथे पाते, हद्द नसेल तिथे काडी.

मग कृष्णवडाचे पान वाटीसारखे कसे?

कृष्णवड हा आपल्या वडाचाच एक प्रकार. त्याच्या पानाचे तळाकडचे काठ एकमेकांना जुळून येतात आणि देठाशी एक खोलगट वाटी तयार होते. वरच्या आणि खालच्या बाजूची हद्द पानाभोवती नेमकी कशी फिरते, यावर अशी रूपे अवलंबून असतात. ती देठाच्या दोन्ही बाजूंनी खाली जात राहिली तर नेहमीचे पान. ती देठाच्या अंगावरून आडवी गेली, तर कमळासारखे मधोमध देठ असलेले पान.

याहून नवलाचे उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात हजारोंनी फुलते. ज्यांना आपण सीतेची आसवे म्हणतो, ती युट्रिक्युलॅरियाची निळी-जांभळी फुले. झाड नाजूक दिसते, पण मांसाहारी आहे. त्याच्या अंगावर बारीक फुगे असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. हे फुगे म्हणजे बदललेली पाने. याच कुळातल्या युट्रिक्युलॅरिया गिब्बा या जातीवर एन्रिको कोएन यांच्या गटाने २०२० मध्ये काम प्रसिद्ध केले. फुगा सुरू होताना 'वरच्या बाजूचे' जनुक अगदी छोट्या जागेत मर्यादित राहते, आणि तेवढ्या फरकाने सपाट पानाऐवजी पोकळ पिशवी घडते. जनुकाचा प्रदेश मुद्दाम वाढवला तेव्हा फुगे आलेच नाहीत. पठारावर जाल तेव्हा फुलांचे फोटो काढाच, पण पाय जपून टाका. पानांचा हा सगळा कारभार चिखलाच्या पातळीला, तुमच्या बुटाखाली चाललेला असतो.

मोठ्या पानात पेशी मोठ्या असतात की जास्त?

मुख्यतः जास्त. पानाच्या वाढीचे दोन टप्पे असतात. आधी पेशी विभागत राहतात, मग विभागणी थांबते आणि त्याच पेशी पाणी भरून फुगतात. विभागणी थोडी जास्त दिवस चालली तरी पेशींची संख्या कितीतरी वाढते, म्हणून पानाचे आकारमान बव्हंशी पहिल्या टप्प्याच्या लांबीवर ठरते.

पण हिशेब इतका सरळ राहत नाही. एखाद्या वाणात पेशींची संख्या कमी पडली, तर उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होऊन काही अंशी भरपाई करतात. पानाला जणू स्वतःच्या एकूण मापाचा अंदाज असतो. ही भरपाई अनेक वनस्पतींत दिसली आहे आणि मला तरी पानांच्या अभ्यासातला हा सर्वात देखणा कोडे-प्रश्न वाटतो.

पान टोकाकडून तयार होते की देठाकडून?

झाडागणिक वेगळे. बऱ्याच द्विदल झाडांत टोक आधी परिपक्व होते आणि वाढ थांबण्याची लाट टोकाकडून देठाकडे सरकते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उत्पल नाथ यांच्या प्रयोगशाळेने अनेक द्विदल जातींची पाने मोजून पाहिली. काहींत ही लाट उलटी, देठाकडून टोकाकडे जाते आणि काहींत पान सगळीकडे जवळपास सारखे वाढते, असे त्यांना आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात या फरकाचा संबंध एका सूक्ष्म आरएनएशी, म्हणजे जनुकांचे काम दाबणाऱ्या छोट्या रेणूशी लागला. तो वाढ चालू ठेवणाऱ्या जनुकांना दाबतो आणि पानाच्या ज्या भागात जास्त असतो तिथली वाढ आधी थांबते.

गवत, ऊस, ज्वारी, मका यांचे सरळ आहे. त्यांच्या पानाचा कारखाना तळाशी असतो आणि तयार पाते वर ढकलले जाते. गुरांनी शेंडे खाल्ले तरी गवताचे तेच पान पुन्हा लांबते, ते यामुळे. केळीचे पानही आतून गुंडाळलेले, जवळजवळ पूर्ण तयार होऊनच बाहेर पडते. त्याच्या चिरफाळ्या होतात त्या वाऱ्याने, वाढीत नव्हे.

काही पानांच्या कडा लाटांसारख्या का मुरडतात?

कडेची वाढ मधल्या भागापेक्षा जास्त झाली की. परकराच्या काठाला जास्तीचे कापड जोडले की झालर पडते, तेच पानात होते. सपाट राहायचे असेल तर मध्य आणि कड यांची वाढ एकमेकांशी जुळती असावी लागते. त्या अर्थाने सपाट पान हेच अवघड काम आहे. श्वानमुखाच्या सिनसिनाटा नावाच्या वाणात कडेच्या पेशींना 'आता थांबा' हा निरोप उशिरा मिळतो आणि पाने सुरकुततात. उत्पल नाथ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवले. या वाणात बिघडलेले जनुक ज्या टीसीपी गटातले आहे तो गट लक्षात ठेवा, रोगांच्या प्रश्नात तो पुन्हा येणार आहे.

कडेला दाते कसे येतात?

कडेवर ठरावीक अंतराने ऑक्झिन साठते आणि तिथला भाग पुढे सरसावतो. दोन टोकांच्या मधल्या बेचक्यात एक जनुक वाढ रोखून धरते. त्या जनुकावर नियंत्रण ठेवणारा सूक्ष्म आरएनए वाढवला की मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिसचे दातेरी पान गुळगुळीत होते, कमी केला की दाते खोल जातात. कडुनिंबाची पर्णिका निरखून पाहा: दाते तर आहेतच, शिवाय तिचे दोन अर्धे सारखे नाहीत. मधल्या शिरेच्या एका बाजूला वाढ जास्त झालेली असते.

पळसाला तीन पाने असतात की एक?

म्हण काहीही सांगो, वनस्पतिशास्त्रात ते एकच पान आहे, तीन पर्णिकांचे. बेलाचेही तसेच, आणि बेलाच्या एखाद्या पानाला कधीकधी पाच पर्णिका येतात. चिंचेचा अख्खा तुरा म्हणजे एक पान. शेवग्याचे पान तर तीनदा विभागलेले असते, आपण भाजीसाठी ओरबाडतो ती इवली 'पाने' म्हणजे पर्णिका.

ओळखायची खूण सोपी आहे. पानाच्या देठाच्या बगलेत, जिथे तो फांदीला मिळतो तिथे, कळी असते. पर्णिकेच्या बगलेत कळी नसते. काटेसावर आणि सातवीण शेजारी ठेवून हे तपासावे. काटेसावरीच्या पाच-सात पर्णिका एका लांब देठाच्या टोकाला जमलेल्या असतात, ते एक पान. सातवीणीची सात पाने फांदीच्या एकाच पेऱ्याभोवती उभी असतात, ती खरीच सात.

संयुक्त पान घडते ते असे: पान सुरू होताना बंद पडलेली नॉक्स जनुके टोमॅटोसारख्या झाडांत कोवळ्या पानात पुन्हा चालू होतात. पान लवकर 'पक्के' होत नाही, त्याच्या कडेला नवे फुगवटे उठायला सवड मिळते आणि प्रत्येक फुगवटा पर्णिका होतो. टोमॅटोत नॉक्स जनुके मुद्दाम जास्त चालवली की एकेका पानाला पर्णिकांचे जंगल फुटते. वाटाण्याने वेगळी वाट धरली आहे, तो हेच काम फुलांच्या घडणीत लागणाऱ्या एका जनुकाकडून करून घेतो.

नारळाची झावळी पण अशीच बनते का?

नाही. माडाचे पान एकसंध, चुण्या घातलेल्या पात्यासारखे घडते आणि मग चुण्यांच्या रेषांवर पेशी एकमेकींपासून सुटून त्याच्या पात्या वेगळ्या होतात. मॉन्स्टेराच्या पानातली भोके तिसऱ्याच तऱ्हेने पडतात, तिथे ठरावीक जागच्या पेशी कोवळेपणीच मरतात आणि पान वाढले की भोक मोठे होते.

आपट्याचे पान दुभंगलेले का?

टोकाची वाढ लवकर थांबते, दोन्ही बाजू वाढत राहतात. मधल्या खाचेत पाहिले तर मुख्य शिरेचे केसासारखे बारीक टोक सापडते.

आमच्या कपाशीची पाने भेंडीसारखी झाली आहेत. हा रोग आहे का?

आधी हे पाहा की सगळ्या झाडांची, पहिल्यापासून, तशीच पाने आहेत का. तसे असेल तर ते वाणाचेच लक्षण असू शकते. देशी कपाशीची पाने मुळातच खोल कातऱ्यांची असतात. अमेरिकन कपाशीतही 'भेंडी-पानी' वाण आहेत. २०१७ मध्ये या फरकामागचे जनुक सापडले. ते एलएमआय-१ या नावाने ओळखले जाते. नेहमीच्या रुंद पानाच्या कपाशीत या जनुकातला एक छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्याचे प्रथिन अर्धवट बनते. भेंडी-पानी कपाशीत ते जनुक शाबूत आणि जोरात चालते, बेचक्यांतली वाढ रोखते आणि पान कातरले जाते. प्रयोगात ते गप्प केले तर भेंडी-पानी झाडाला पुन्हा रुंद पाने आली. याच जनुकाचा एक भाऊबंद मोहरीच्या कुळातही पर्णिका सुट्या ठेवण्याचे काम करतो, आणि अॅराबिडॉप्सिसने तो गमावल्यामुळे त्याचे पान साधे राहिले, हे कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मिल्तोस त्सिआंतिस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले होते.

पण पाने कालपर्यंत रुंद होती आणि आता शेंड्याकडची तेवढीच अरुंद, लांबट, शिरा एकवटलेली येत असतील, तर पहिला संशय टू-फोर-डी या तणनाशकाचा घ्यावा. ऊस, ज्वारी, गहू यांतल्या रुंद पानांच्या तणांसाठी ते मारतात. ते कृत्रिम ऑक्झिन आहे. वर सांगितले तसे, पान कुठे वाढणार आणि शिरा कुठून जाणार हा सगळा हिशेब ऑक्झिनच्या साठ्यांवर चालतो. बाहेरून आलेले ऑक्झिन तो हिशेब पुसून टाकते. कपाशी या औषधाला कमालीची नाजूक आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला फवारा किंवा तणनाशक मारलेला आणि नीट न धुतलेला पंप, एवढे कारण पुरते.

झाडाकडे नीट पाहिले तर कधी मार बसला तेही वाचता येते. खालची, आधीच उलगडलेली पाने ठीक दिसतात. मधली तीन-चार पाने बिघडलेली, कारण त्या दिवशी ती शेंड्यात घडत होती. मार हलका असेल तर त्यानंतरची पाने पुन्हा रुंद येऊ लागतात. बिघडलेले पान मात्र कुठल्याही फवाऱ्याने सरळ होत नाही, त्यावर टॉनिकचा खर्च करू नये. नवे शेंडे कसे येतात ते पाहावे, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात झाड दाखवावे, आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. हे शेवटचे मी कळकळीने सांगतो, कारण यात जाणारे पीक निव्वळ एका पंपापायी जाते.

मिरचीचा बोकड्या, वांग्याचा पर्णगुच्छ, पपईची अरुंद पाने: हे सगळे एकच का?

दिसायला सारखे, कारणे निराळी. मिरचीचा बोकड्या, म्हणजेच चुरडा-मुरडा, फुलकिड्यांनी कोवळी पाने खरवडल्यानेही होतो आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूनेही. वांग्याची पाने बारीक होऊन झुडपासारखा झुपका होतो तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या जंतूमुळे, आणि तो तुडतुडे पसरवतात. पपईवर रिंगस्पॉट विषाणू आला की पात्यांचा मधला भाग जवळपास नाहीसा होऊन शिराच तेवढ्या उरतात.

या जंतूंनी झाडाच्या घडणीच्या यंत्रणेतच हात घातलेला असतो, हे गेल्या काही वर्षांत उलगडले. फायटोप्लाझ्मा गटातल्या एका जंतूचे प्रथिन झाडातली टीसीपी प्रथिने नष्ट करते, तीच जी कडेची वाढ वेळेवर थांबवतात; पाने सुरकुतली नाहीत तरच नवल. पपईच्या विषाणूच्याच कुळातल्या टर्निप मोझॅक विषाणूबद्दल २००३ मध्ये कळले की त्याचे एक प्रथिन झाडाच्या सूक्ष्म आरएनएच्या कामात खोडा घालते. ते प्रथिन असते झाडाचा प्रतिकार मोडण्यासाठी, पण दाते, बाजू, वाढीची वेळ ठरवणारे निरोपही त्याच यंत्रणेतून जातात.

पाने लहान आणि शिरांमधला भाग पिवळा, असे संत्रा-मोसंबीत दिसले तर जस्ताची कमतरता तपासून घ्यावी. तिथे जंतू शोधण्यात अर्थ नाही.

एकाच झाडावर दोन तऱ्हेची पाने का दिसतात?

पुष्कळदा वयामुळे. फणसाच्या रोपाची पाने कातरलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड. लोक रोपवाटिकेत जाऊन 'हा फणस नव्हेच' म्हणून वाद घालतात. पपईचे उलट, रोपाची पहिली पाने साधी आणि पुढची कातरे-कातऱ्यांची.

सर्वात ठळक उदाहरण सामाजिक वनीकरणात रस्तोरस्ती लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचे. तिचे बी रुजवून पाहा. पहिली पाने आपल्या बाभळीसारखी, बारीक पर्णिकांची येतात. मग एखाद्या पानाचा देठच चपटा होऊ लागतो, टोकाला थोड्या पर्णिका लोंबत असतात. त्यापुढे पर्णिका येतच नाहीत, रुंद चपटा देठच पानाचे काम करतो. झाडावरची ती कोयत्यासारखी 'पाने' म्हणजे देठ. वाढत्या वयाबरोबर झाडातला एक सूक्ष्म आरएनए घटत जातो आणि कोवळेपणाची पाने बंद होतात. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जवळच्या जातींतही ही घट २०११ मध्ये मोजली गेली आहे.

मनीप्लँटचे कारण मात्र आधाराशी जोडलेले आहे. लोंबणाऱ्या वेलीची पाने तळहाताएवढी किंवा लहानच राहतात. तोच वेल नारळावर किंवा आंब्यावर चढू लागला की पाने हातभर होतात आणि कडेने चिरतात. घरात मोठी पाने हवी असतील तर वेल वर चढवा. खत वाढवून हे साधत नाही.

सावलीतली पाने मोठी का असतात?

उन्हातले पान लहान पण जाड होते, त्यात हरितद्रव्याच्या उभ्या पेशींचे थर जास्त असतात. सावलीतले पातळ आणि पसरट होते. आंब्याच्या बाहेरच्या फांदीचे आणि आतल्या काळोखातले पान बोटांत धरले तरी फरक कळतो. हेही शेंड्यातच ठरते, म्हणून सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवले की जुनी पाने करपतात आणि सावरतात ती नवी.

हवामानाचा पानाच्या आकारमानाशी काय संबंध?

फार जवळचा. जगात सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या पानाच्या क्षेत्रफळात एक लाख पटींहून जास्त फरक आहे, आणि राफिया ताडाचे पान पंचवीस मीटरपर्यंत लांब जाते. इयन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जगभरच्या ७,६७० जातींची पाने तपासली. मोठ्या पानाभोवती स्थिर हवेचा जाड थर राहतो. दिवसा ते हवेपेक्षा तापते, त्याला थंड राहायला भरपूर पाणी लागते. हे पूर्वीपासून माहीत होते. त्यांनी पुढे आणले ते रात्रीचे संकट: निरभ्र रात्री मोठे पान उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा थंड होते आणि त्यावर दहिवर गोठू शकते. जगाच्या बऱ्याच भागांत पानाच्या मापाला दिवसाच्या उन्हापेक्षा ही रात्रच जास्त आवर घालते.

आपल्याकडे दहिवराचा प्रश्न थोडा, पाण्याचा मोठा. माणदेशातली बाभूळ आणि बोर बारीक पानांची, सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवरची चवेणी केळीसारख्या भल्या पानांची. मग विदर्भाच्या उन्हातला साग? तो उन्हाळ्यात पाने ठेवतच नाही. त्याचे सुपाएवढे पान पावसाळ्यापुरते असते.

कडेच्या दात्यांचेही हवामानाशी नाते आहे. थंड प्रदेशांतल्या झाडांत दातेरी पानांचे प्रमाण जास्त असते. बेली आणि सिनॉट यांनी १९१५ मध्ये हे मांडले आणि तेव्हापासून पानांच्या जीवाश्मांवरून जुन्या काळच्या तापमानाचा अंदाज बांधला जातो.

पूर्ण वाढलेले पान खतपाण्याने आणखी मोठे होईल का?

नाही. त्याचा हिरवेपणा सुधारेल, माप नाही.

हे सगळे घरी पाहता येईल का?

येईल, आणि मुलांना घेऊन जरूर करावे. स्टीफन हेल्स यांनी १७२७ मध्ये छापलेल्या पुस्तकात हा प्रयोग सांगितला आहे. त्यांनी अंजिराच्या कोवळ्या पानावर टाचण्यांच्या चौकटीने सारख्या अंतरावर लाल ठिपके उठवले आणि पान वाढल्यावर ते कसे पांगले ते पाहिले.

भोपळ्याचा किंवा दुधीचा वेल घ्या, त्याची पाने भराभर वाढतात. रुपयाच्या नाण्याएवढे पान निवडून त्यावर बारीक टोकाच्या मार्करने टोकापासून देठापर्यंत पाच-पाच मिलिमीटरवर ठिपके द्या, दोन ओळी आडव्याही द्या. जोर देऊ नका, कोवळे पान लगेच काळे पडते. रोज एकाच वेळी पट्टी शेजारी धरून फोटो काढा. पान वाढायचे थांबले की पहिला आणि शेवटचा फोटो घेऊन शेजारशेजारच्या ठिपक्यांमधले अंतर किती पट झाले ते मोजा. टोकाकडे आणि देठाकडे हा आकडा वेगळा येतो का, ते पाहायचे. असेच ठिपके मक्याच्या बाहेर आलेल्या पात्यावर द्याल तर त्यांच्यामधले अंतर जवळपास बदलणार नाही, सगळे ठिपके मिळून वर सरकतील.